गुणसूत्रं आधी कुठे असतात?

प्रश्न : पूर्वावस्थेत, म्हणजे पेशीविभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, गुणसूत्रं दिसू लागतात, असं पुस्तकात आहे. मग त्याआधी ती कुठे असतात? आणि केंद्रकावरण नाहीसं होतं, ते जातं कुठे? (अकरावीची विद्यार्थिनी)

उत्तर : त्याआधीही ती केंद्रकातच असतात. माणसाच्या पेशीत सगळीच्या सगळी ४६. फक्त इतकी सैल पसरलेली, की एकेक धागा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखू येत नाही. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात! विभाजनाआधी त्याची नक्कलही होऊन गेलेली असते, म्हणजे लांबी दुप्पट. (नक्कल पूर्वावस्थेत होते, असं पुष्कळ मुलं लिहितात. ते चूक आहे.) एवढा गुंता तसाच दोन्हीकडून ओढला तर धागे तुटतील. म्हणून कंडेन्सिन नावाची प्रथिनं त्याचे वेढे घालून तो आखूड, जाड करतात. पूर्वावस्थेचं मुख्य काम हेच, आवराआवरीचं.

तुझा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण 'नाहीसं होतं' म्हणून आपण पुढे जातो. आवरणाच्या आतल्या बाजूला लॅमिन प्रथिनांची जाळी असते. विकरं त्या लॅमिनला फॉस्फेट जोडतात, तशी जाळी सुटत जाते. आवरणाचं पटल आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीद्रव्यातल्या पटलांच्या जाळ्यात, मिसळतं. नष्ट काहीच होत नाही, विभाजनाच्या शेवटी याच मालातून दोन नवी आवरणं उभी राहतात. हा खटाटोप कशासाठी? प्राणीपेशीत तुर्कतंतू (गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढणारे धागे) बाहेर, पेशीद्रव्यात तयार होतात आणि गुणसूत्रं असतात आत. मधली भिंत हटल्याशिवाय ते गुणसूत्रांना धरणार कसे? यीस्टमध्ये मात्र तुर्कतंतू केंद्रकातच तयार होतात, त्यामुळे तिथे आवरण शाबूतच राहतं.

जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून या धाग्यांची जी चित्रं छापली, ती आजही पाहण्यासारखी आहेत.

प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचं टोक अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवशील, तेव्हा विस्कटलेल्या लाल धाग्यांनी भरलेलं केंद्रक शोध. त्यात केंद्रिकेचा गोल ठिपका अजून ओळखू येत असेल, तर पूर्वावस्था नुकतीच सुरू झाली आहे. ताराकेंद्रं (प्राणीपेशीत तुर्कतंतूंच्या टोकांशी असणाऱ्या बारीक रचना) शोधत बसू नकोस, कांद्याच्या पेशीत ती नसतातच.