बाळाच्या पोटात गॅस धरतो तेव्हा

अगं, संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन रडतं ना? दोन-तीन आठवड्यांच्या बाळांचं हे सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं ओसरतं. तुझ्या दुधात काही खोट नाही, हे आधी मनात पक्कं कर.

पाजताना नुसतं स्तनाचं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे. बाळाची हनुवटी तुझ्या छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. चुकचुक आवाज येत असेल तर हवा आत जातेय. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि परत लाव. मग खांद्यावर उभं धरून पाठ हलक्या हाताने थोपट. ढेकर नाही आली तरी पाच-दहा मिनिटांनी थांब, प्रत्येक वेळी येतेच असं नाही.

दूध पिऊन तासभर झाला की कोमट तेलाने बेंबीभोवती घड्याळाच्या दिशेने हात फिरव, पाय सायकलसारखे हलव.

घरातली मोठी माणसं मायेनेच सांगतील, पण मध, घुटी, ग्राइप वॉटर काही चाटवू नकोस. मध तर वर्षभर नाहीच. आणि आईने वरण, कोबी सोडून उपाशी राहायचं काही कारण नाही गं, पोटभर जेव.

हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा दूधच घेत नसेल तर मात्र रात्र असली तरी डॉक्टरांकडे ने.