ग्रोव्ह पार्कचा वॅगस्टाफ तोच आहे

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. उत्तर इंग्लंडच्या हडर्सफील्ड क्लबकडून पैसे घेऊन खेळणारा जुना रग्बीपटू हॅरोल्ड वॅगस्टाफ आणि पहिल्या महायुद्धात लंडनच्या ग्रोव्ह पार्क लष्करी संघातून रग्बी युनियन खेळणारा वॅगस्टाफ हे दोघे वेगळे का, असं तुम्ही विचारलंय. नाहीत. माणूस एकच. १८९५ ची फूट तुम्हाला ठाऊक असणारच: सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीचे ६ शिलिंग खेळाडूंना द्यावेत की नाही यावरून उत्तरेचे क्लब रग्बी युनियनमधून फुटले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ काढली, तीच पुढची रग्बी लीग. मूळ युनियनमध्ये मात्र पैसे घेणं निषिद्धच राहिलं.

हडर्सफील्डला नोकरीला असताना मी याच जागी अडखळलो होतो. पैसे घेऊन खेळलेल्याला युनियनचं दार कायमचं बंद, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की लष्करी संघातला हा दुसराच कुणी त्याच नावाचा, असं मी ठरवून टाकलं. खात्री करायला एका कार्यालयाकडून त्याची सेवानोंद मागवली. फी भरली. कित्येक महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: नोंद आढळत नाही. मी त्यालाच पुरावा मानलं आणि मंडळाच्या दिवाळी अंकातल्या लेखातून त्याची युद्धातली वर्षं काढून टाकली. लेख तसाच छापला गेला.

सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त फायली जळाल्या, हे मला फार उशिरा कळलं. फाईल न सापडणं म्हणजे माणूस सैन्यात नव्हता असं नव्हे. एवढं एक वाक्य त्या उत्तरात लिहायला काय हरकत होती? रोज हेच काम करणाऱ्यांना ते माहीत नसेल, हे मला पटत नाही. अजून चीड येते.

उलगडा झाला तो सोबतच्या नावांवरून. ग्रोव्ह पार्कच्या त्या संघात बेन ग्रोनो, डग्लस क्लार्क, अल्बर्ट रोझेनफेल्डही होते. हे सगळे १९१४-१५ मध्ये चारही करंडक जिंकलेल्या हडर्सफील्डचे! एकाच्या नावाचा दुसरा असेल, पण चौघांच्या? युद्धापुरती रग्बी युनियनने सैन्यातल्या नॉर्दर्न युनियनच्या खेळाडूंना मुभा दिली होती, एवढीच गोष्ट. तेव्हा एकट्याचं नाव शोधत बसू नका, संघाची यादी मिळवा.

आणखी एक. जुन्या इंग्लिश वर्तमानपत्रांत ‘रग्बी लीग’ टाकून शोधाल तर १९२२ आधीचं फारसं हाती लागणार नाही. ‘नॉर्दर्न युनियन’ टाका, नुसतं ‘फुटबॉल’ही टाकून बघा.

माझं वैयक्तिक मत: ४ जुलै १९१४ च्या सिडनी कसोटीवर (ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रिटनचा १४-६ विजय, शेवटी ब्रिटनचे १० च खेळाडू उरलेले) पानं खर्ची घालू नका, ती सगळेच लिहितात. १५ व्या वर्षी सोन्याची ५ नाणी घेऊन हडर्सफील्डच्या करारावर सही करणारा होल्मफर्थ गावचा पोरगा, म्हणजे वॅगस्टाफच, आणि त्याची युद्धातली वर्षं, यांना जागा द्या.

मी इतिहासकार नाही, आणि नोंदी मागवायची पद्धत आता बदलली असेल; फी भरण्याआधी विचारून घ्या. यादी कुठे अडली तर इथेच लिहा, माझ्या वह्या अजून आहेत.