पातळी आणि प्राणवायू एकाच वहीत

वाचकांचे प्रश्न : पाणी

उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. बदलापूरच्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण ती मुलं खरोखरच नदीवर जायला निघाली आहेत आणि त्यांना अर्धवट उत्तर देऊन भागणार नाही.

ऑगस्टमध्ये बारवी धरण भरून वाहिल्याची बातमी आम्ही दरवर्षी आनंदाने वाचतो. मग मे महिन्यात पाणीकपात कशी होते? मधल्या काळात पाणी जातं कुठे?
– वागळे इस्टेट, ठाणे

बारवी भरलं म्हणजे साधारण 340 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी जमा झालं. हे पाणी थेट नळाने आपल्याकडे येत नाही. धरणातून ते नदीत सोडतात, नदीतून ते जांभूळच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं आणि तिथे एमआयडीसी ते उचलते. त्याच उल्हास नदीवर बदलापूर, कल्याण-डोंबिवली, शहाडहून पाणी उचलून शहरांना पुरवणारी स्टेम ही कंपनी, कारखाने, अशा सगळ्यांचे पंप आहेत. तुमच्या ठाण्याला महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी मिळतं. त्यामुळे एकाच शहरात एका गल्लीत कपात आणि शेजारच्या गल्लीत पाणी, हा प्रकार तुम्ही पाहिला असेल.

बारवीच्या जोडीला आणखी एक साठा आहे, त्याची बातमी मात्र क्वचितच होते. मावळात आंध्रा नदीवर टाटांचं ठोकरवाडी धरण आहे. ही नदी खरं तर पूर्वेला वाहणारी, इंद्रायणी-भीमेच्या खोऱ्यातली. तिचं पाणी घाटाखाली भिवपुरीला आणून 1922 पासून वीज तयार करतात आणि वीज झाल्यावर उरलेलं पाणी पेज नदीतून उल्हासात येतं. उल्हास उन्हाळ्यात वाहती दिसते त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं मे महिन्यातलं पाणी घाटावर किती पाऊस झाला यावरही ठरतं. बारवी शंभर टक्के आणि आंध्रा (म्हणजे हाच ठोकरवाडीचा साठा) अर्धं, असं वर्ष असलं तर कपात होणारच. हिशोब 15 जुलैपर्यंत साठा पुरवायचा असतो, कारण जूनचा पाऊस भरवशाचा नाही. तेव्हा बातमीत बारवीचा टक्का वाचाल तेव्हा आंध्राचाही शोधा. तो छापला नसेल तर वर्तमानपत्राला पत्र लिहून मागा. मी स्वतः लिहिते.

आम्ही कॉलेजचे विद्यार्थी उल्हास नदीच्या पाण्याची वर्षभर तपासणी करणार आहोत. टीडीएस मीटर घेतला आहे. चौपाटीजवळ 140 आकडा आला. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चालतं असं वाचलं. मग नदी स्वच्छ आहे असं म्हणायचं का? आणि आमच्या नोंदी कोणी मानेल का?
– बदलापूर

मुलांनो, नाही म्हणायचं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून पावसाचं पाणी येतं ते मुळातच कमी क्षारांचं. त्यात नाल्यातून मैला आला, साबण आला, तरी तुमचा आकडा फारसा हलणार नाही. भारतीय मानकात 500 ची मर्यादा आहे हे बरोबर, पण त्याच मानकात 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही नसावा असंही लिहिलं आहे, आणि ते या मीटरला कळत नाही. मीटर ठेवा, फेकू नका. एखाद्या दिवशी आकडा अचानक 140 चा 600 झाला तर कुठून तरी रासायनिक सांडपाणी आलं, हे तो लगेच सांगेल. त्याचं काम तेवढंच.

नदीचं खरं मोजमाप म्हणजे विरघळलेला प्राणवायू, ज्याला प्रयोगशाळेत सगळे डीओ म्हणतात. तो मोजायची विंकलरची पद्धत तुमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी आहे. मी नोकरीभर ती केली आणि अजूनही मला तिच्याइतकी बोलकी दुसरी तपासणी माहीत नाही. 300 मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं. बाटलीत साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तयार होतो. तो तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. पांढराच राहिला तर प्राणवायू नाही. वालधुनी नदीच्या पाण्याने भरलेल्या बाटलीत तो पांढरा साका मी पाहिला आहे. त्या दिवशी पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण घालून मोजणं, करायची गरजच नव्हती. मग सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळसर होतं. इथपर्यंतचं काम काठावर झालं की बाटली अंधारात ठेवून काही तासांनी कॉलेजमध्ये थायोसल्फेटने टायट्रेशन करता येतं. स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे आकडा मिळतो. आम्ल तीव्र आहे, तेव्हा सर किंवा मॅडम सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

वेळ पाळा. ज्या पाण्यात शेवाळ आहे तिथे दुपारी तीनला डीओ भरपूर दिसतो, कारण उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं. पहाटे तोच आकडा तळाला गेलेला असतो. सकाळी सात ठरवलं तर वर्षभर सातच. एकदा सात, एकदा दुपारी दोन असं केलंत तर त्या दोन आकड्यांतला फरक नदीचा नसून घड्याळाचा असेल. पाण्याचं तापमानही प्रत्येक वेळी लिहा. 20 अंशाला पाण्यात जास्तीत जास्त सुमारे 9 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. त्यामुळे मे महिन्यात 6 आणि जानेवारीत 6 यांचा अर्थ एक नाही.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं मोजमाप, जमली तर महिन्यातून एकदा करा. आपल्याकडे 27 अंशाला तीन दिवस ठेवायची पद्धत आहे. मैल्यासाठी एचटूएसच्या बाटल्या मिळतात, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक त्या ओळखतात. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असल्याची दाट शंका. नदीत ती बहुधा काळी पडेलच, म्हणून खरा उपयोग काठच्या विहिरी आणि हातपंपांसाठी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी किती होतं ते लिहिल्याशिवाय पाणी कसं होतं ते लिहू नका. समजा नदीतून सेकंदाला 10,000 लिटर पाणी वाहतं आहे आणि त्याची बीओडी 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. एक नाला सेकंदाला 500 लिटर सांडपाणी आणतो, बीओडी 60. मिसळल्यावर नदीची बीओडी होते जवळपास 4.3. आता वरून सोडलेलं पाणी कमी झालं आणि नदी 5,000 लिटरवर आली. नाला तोच, घाण तेवढीच, पण बीओडी 6.8. शुद्धीकरण करून पिण्यासाठी वापरायच्या नदीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा 3 आहे. वहीत नुसते 4.3 आणि 6.8 असले तर वाचणारा म्हणेल, नाल्याची घाण वाढली. प्रत्यक्षात नदी आटली होती. उलटही होतं. आकडे सुधारले म्हणून पाठ थोपटली जाते, आणि सुधारणा नुसती धरणातून जास्त पाणी सोडल्याची असते. उल्हाससारखी नदी, जिचा उन्हाळी प्रवाह माणसाने सोडलेल्या पाण्यावर चालतो, तिच्या बाबतीत हे दोन आकडे वेगवेगळ्या कचेऱ्यांतल्या वेगवेगळ्या फाइलींत ठेवणं मला अक्षम्य वाटतं. डीओचा रकाना आणि पातळीचा रकाना एकाच वहीत, एकाच ओळीत असायला हवा.

पातळीसाठी बंधाऱ्यावरची किंवा पुलाच्या खांबावरची मोजपट्टी लांबून वाचा. बदलापूरला इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50 मीटर धरतात. पावसाळ्यात सगळे ती विचारतात, 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीमध्ये पुरात अडकली तेव्हापासून तर जास्तच. एप्रिलमध्ये ती कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा. वेग मोजायला एक संत्रं पुरतं. पुलाच्या वरच्या बाजूला मोजून ठेवलेल्या अंतरात ते किती सेकंदांत वाहतं ते पाहायचं. पृष्ठभागाचा वेग जरा जास्त असतो म्हणून 0.85 ने गुणायचं, मग रुंदी आणि सरासरी खोली यांनी. आकडा ढोबळ येईल, पण दरवेळी त्याच जागी केलात तर चढउतार नीट कळेल. नदीत उतरायचं नाही. पुलावरून, दोरी-बादलीने, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोजपट्टी तेवढी वाचून परत.

जागा तीन पुरेत: शहराच्या वर एक, नाला मिळतो त्याच्या बऱ्याच खाली एक (अगदी तोंडाशी नको, पाणी मिसळू द्या), आणि जांभूळच्या वर एक. जमलं तर उन्हाळ्यात रायत्याच्या पुलावरूनही एक चक्कर मारा. तिथून मोहन्यापर्यंत जलपर्णीचा गालिचा दिसला तर फोटोबरोबर त्याची लांबी लिहा. जलपर्णी नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, म्हणजे वरून मैला येतो आहे याची ती साक्ष आहे.

मानेल का कोणी? न्यायालयात पुरावा म्हणून तुमचा नमुना चालणार नाही, हे आधीच समजून घ्या. 1974 च्या जल अधिनियमातलं कलम 21 सांगतं की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना नोटीस देऊन, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सही-शिक्क्यानिशी मोहोरबंद करून घेतलेलाच नमुना कारवाईत ग्राह्य. पण अधिकाऱ्याने नमुना कुठे आणि कधी घ्यावा, हे तुमची वही सांगू शकते. मंडळ उल्हासवर ठरावीक ठिकाणी महिन्यातून एकदा नमुने घेतं. महिन्याच्या बाकीच्या दिवशी पहाटे नाल्यात काय सोडलं जातं ते त्या एका नमुन्याला दिसत नाही. काठावर राहणाऱ्याला दिसतं. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात मोहने ते बदलापूर हा तुमचाच पट्टा आहे. तेव्हा तुम्ही नवं काही सिद्ध करायला निघालेला नाही आहात. रोजचं काय चाललं आहे ते लिहून ठेवायला निघाला आहात, आणि ते काम इथे कोणीतरी करायलाच हवं होतं. वही शाईने लिहा, चुकलेला आकडा खोडून शेजारी बरोबर लिहा, खाडाखोड झाकू नका. सहा महिने झाले की मला दाखवा, मी स्वतः बसून तपासून देईन.

आमच्या सोसायटीत पावसाळ्यात पाणी पिवळसर येतं. सगळे आरओ बसवायला सांगतात. सेक्रेटरी म्हणून मी काय करावं?
– घणसोली, नवी मुंबई

आरओआधी टाकी. पाण्याच्या मीटरजवळच्या नळाचं आणि गच्चीवरच्या टाकीच्या नळाचं पाणी दोन पांढऱ्या कपांत शेजारी शेजारी ठेवा. मीटरजवळ स्वच्छ आणि वर पिवळं असेल तर दोष सोसायटीच्या टाकीत किंवा पाइपात आहे, महापालिकेकडे तक्रार करून काही होणार नाही. मग ओटी टेस्ट करा. क्लोरीन तपासायचं ते द्रावण स्वस्त मिळतं, थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. नळाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. मीटरजवळच्या पाण्याला थेंबाने पिवळा रंग आला आणि घरातल्या पाण्याला रंगच नाही, तर टाकीतल्या गाळाने क्लोरीन खाऊन टाकलं. टाकी धुवा, झाकण बदला. दोन्हीकडे रंग नसेल तर मात्र वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा आणि तोवर पाणी उकळून प्या. आपल्याकडचं पाणी कमी क्षारांचं आहे, बहुतेक घरांना आरओची गरज नाही. जितकं पाणी शुद्ध करतो त्याहून जास्त तो बरेचदा मोरीत सोडतो, ते निराळंच.

पहिल्या पावसात खाडीत मासे मरून वर येतात. कोणी म्हणतं कंपन्यांनी केमिकल सोडलं, कोणी म्हणतं पावसाने होतं. खरं काय? आम्ही काय करावं?
– चेंदणी कोळीवाडा, ठाणे

दादा, दोन्ही होतं, आणि पावसाच्या आडून केमिकल सोडणारेही असतात. म्हणून वेगळं ओळखता यायला हवं. उन्हाळाभर नाल्यांत साचलेला काळा गाळ पहिल्या मोठ्या सरीत एकदम खाडीत येतो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. असं झालं तर मासे पहाटे वर येऊन तोंड उघडून धापा टाकतात, मोठे आधी मरतात, आणि हवेत श्वास घेणारी निवटी चिखलावर जिवंत दिसते. विष असेल तर दिवसाची कुठलीही वेळ चालते, लहान-मोठा भेद राहत नाही, खेकडे आणि निवटीही जातात, आणि पाण्याला वेगळा वास किंवा रंग असतो. हे तुम्ही माझ्याहून चांगलं पाहू शकता, म्हणून पाहिलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा: कुठला मासा, केवढा, किती वाजता.

त्या नोंदीत भरती होती की ओहोटी, उधाण होतं की भांग (मोठी भरती की छोटी), हे लिहायला विसरू नका. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि खाडी चांगली दिसते. ओहोटीच्या शेवटी नाल्यांचं पाणी उरतं. सरकारी अहवालातला खाडीचा आकडा ज्या वेळी घेतला तिथे भरती होती का, हा प्रश्न तुम्ही बैठकीत उभं राहून विचारू शकता, आणि विचाराच. 2022 पासून ठाणे खाडी रामसर स्थळ आहे, तिचं पाणी तपासणं ही कोणाची मेहेरबानी नाही.

होडीत काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या ठेवा. मासे वर आलेले दिसले की पाण्याखाली धरून काठोकाठ भरा, बूच लावा, तारीख-वेळ-जागा चिकटवा आणि मासळीच्या बर्फाच्या पेटीत ठेवा. एक बाटली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाण्याच्या कार्यालयात त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या, दुसरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. पाणी आधी भरा, फोटो नंतर काढा. ओहोटी लागली की ते पाणी ऐरोलीच्या पुढे निघून जातं, आणि अधिकारी दुपारी आले की त्यांना भरतीचं पाणी सापडतं.