'फ्रॅकिंग'ला 'जलभंजन' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: "अमेरिका आणि इंग्लंडमधल्या फ्रॅकिंगविरोधी आंदोलनांवर मराठीत लेख लिहिते आहे. 'फ्रॅकिंग'साठी 'जलभंजन' शब्द सापडला, तो चालेल का? आणि 'ग्रासरूट्स' चळवळीला 'तळागाळातील चळवळ' म्हणू का?"

फ्रॅकिंग म्हणजे जमिनीखालचा खडक दाबाने तडकवून वायू काढणं. त्यासाठी 'जलभंजन' शब्द चांगला आहे, पण महाराष्ट्रात तो आधीच कामाला लागलेला आहे. विंधण विहिरीचं पाणी कमी झालं की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं येतात, बोअरमध्ये मोठ्या दाबाने पाणी सोडतात आणि काळ्या पाषाणातल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या करतात. टंचाईच्या कागदपत्रांत यालाच जलभंजन म्हणतात. तिथे वापरायचं ते साधं पाणी, आणि मिळवायचं तेही पाणीच. आता तुमच्या लेखात 'जलभंजनाविरुद्ध गावकरी रस्त्यावर' असं वाक्य आलं, तर बीड-लातूरचा वाचक बुचकळ्यात पडेल. ज्यासाठी आपण तालुक्याला अर्ज करतो, त्याला हे लोक विरोध का करताहेत?

फ्रॅकिंगचं तत्त्व तेच असलं तरी पसारा फार वेगळा आहे. वायूसाठी एक ते तीन किलोमीटर खाली शेल नावाच्या खडकापर्यंत विहीर नेतात, तिथे ती आडवी वळवतात आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडतात. खडक तडकतो, वाळूचे कण तडा मिटू देत नाहीत आणि वायू बाहेर येतो. (जाता जाता: 'शेल'च लिहा. हिंदीच्या वळणाने 'शैल गॅस' लिहिलेलं दिसतं, पण शैल म्हणजे पर्वत किंवा कुठलाही खडक. शेल हा गाळाचा, थरांचा एक ठरावीक खडक आहे.)

माझं मत: 'फ्रॅकिंग' तसाच ठेवा. 'पाय फ्रॅक्चर झाला' हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, त्यामुळे मराठी कानाला त्यात मोडतोड लगेच ऐकू येते. पण तो तसाच ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे. या शब्दाचा अर्थ नेमका किती, यावरच तिकडचं अर्धं भांडण आहे.

कंपन्यांचे अभियंते 'फ्रॅकिंग' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काही दिवसांचं एकच काम असतं, दाबाने खडक तडकवण्याचं. विरोधकांच्या तोंडी मात्र त्याच शब्दात विहीर खोदण्यापासून रात्रंदिवस धावणारे ट्रक, परत वर येणारं खारट दूषित पाणी, त्याची विल्हेवाट आणि वायूच्या नळवाहिन्या, असं सगळं येतं. पेनसिल्व्हेनियातलं डिमॉक गाव घ्या. १ जानेवारी २००९ रोजी तिथे एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. जवळच्या वायुविहिरी सदोष असल्याने वायू पाण्यात झिरपला, असा ठपका राज्याच्या पर्यावरण खात्याने ठेवला. मग हे फ्रॅकिंगमुळे झालं का? अभियंत्याच्या अर्थाने नाही, कारण दोष वायुविहिरीच्या बांधणीत होता, खोलवरच्या तड्यांत नाही. गावकऱ्याच्या अर्थाने अर्थातच हो, कारण फ्रॅकिंग आलं नसतं तर ती विहीरच खोदली गेली नसती. दोघंही आपापल्या व्याख्येत बरोबर, आणि सभेत एकमेकांना खोटारडे म्हणणारे. तेव्हा ज्याचं वाक्य असेल त्याच्या अर्थाने लिहा: अभियंता बोलत असेल तर 'खडक तडकवण्याची क्रिया', गावकरी बोलत असेल तर 'फ्रॅकिंग'. एकच पारिभाषिक शब्द सगळीकडे ठोकला, तर हा घोळ वाचकाला दिसणारच नाही.

एक गंमत मात्र देवनागरीत हरवते. तेलविहिरींवरची माणसं 'फ्रॅक्चरिंग' शब्दाचं छोटं रूप इंग्रजीत शेवटच्या 'के'शिवाय लिहीत आली. विरोधकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'के' जोडला आणि तो एका सुप्रसिद्ध इंग्रजी शिवीच्या शेजारी जाऊन बसला. मोर्च्यांतल्या फलकांवरच्या निम्म्या कोट्या त्यावरच आहेत. त्यांचं भाषांतर करण्याच्या फंदात पडू नका.

आता 'तळागाळातील'. हा शब्द मला इथे साफ चुकीचा वाटतो. मराठीत तळागाळ म्हणजे समाजाच्या उतरंडीतला सगळ्यात खालचा, नाडलेला थर. 'ग्रासरूट्स'मध्ये गरिबी अभिप्रेत नाही. वरून पक्षाने किंवा संस्थेने न चालवता गावातूनच उठलेलं, एवढाच अर्थ आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रायडनचे रहिवासी काही तळागाळातले नव्हते. त्यांनी सह्या गोळा केल्या, आणि २०११ मध्ये तिथल्या मंडळाने (आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास जाणारी ही व्यवस्था) जमीनवापराच्या नियमांतूनच वायू-उत्खनन हद्दपार केलं. त्यावर खटला झाला आणि जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने गावाचा तो अधिकार मान्य केला. अशा चळवळीला 'गावकऱ्यांनी उभारलेली' किंवा 'लोकचळवळ' म्हणा. 'गावपातळीवरची' हेही चालेल, जरा सरकारी वाटलं तरी.

इंग्लंडकडे वळाल तेव्हा आणखी एक खड्डा आहे. लँकेशरमध्ये ब्लॅकपूलजवळच्या प्रेस्टन न्यू रोडवर फ्रॅकिंगच्या जागेबाहेर पिवळी जाकिटं घालून ठाण मांडणाऱ्या बायका स्वतःला 'नाना' म्हणवत. तिकडच्या बोलीत नाना म्हणजे आजी. मराठीत 'लँकेशरच्या नानांनी ट्रक अडवले' असं लिहिलंत, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर धोतर-टोपी येणार. सरळ 'आज्या' लिहा.

आणि 'बंदी' जपून वापरा. आपली वर्तमानपत्रं प्रत्येक निर्णयाला बंदी म्हणतात. फ्रान्सने जुलै २०११ मध्ये कायदा करून या तंत्राला मनाई केली, ती बंदी. इंग्लंडमध्ये त्याच प्रेस्टन न्यू रोडवर ऑगस्ट २०१९ मध्ये फ्रॅकिंगमुळे २.९ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारने काम थांबवलं, ती स्थगिती. फरक किती होता ते २०२२ मध्ये दिसलं: लिझ ट्रस यांच्या सरकारने सप्टेंबरात ती उठवली आणि ऋषी सुनक यांनी ऑक्टोबरात पुन्हा लागू केली. टेक्सासमधल्या डेंटन शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदानाने घातली ती बंदीच होती, पण पुढच्याच वर्षी राज्याच्या कायद्याने शहरांचा तो अधिकार काढून घेतला. तिथे 'घातलेली बंदी निष्प्रभ ठरली' असं लिहावं लागेल.