१९९८ च्या डॉज रॅम १५०० मध्ये फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) पडतं, पण पुढची चाकं ओढत नाहीत. काय बदलावं?

लगेच काही बदलू नका, आधी व्हॅक्यूमच्या (इंजिन ज्यांतून हवा ओढतं त्या) नळ्या तपासा. दोष बहुधा तिथेच निघतो. या गाडीत पुढचा उजवा अ‍ॅक्सल (चाक फिरवणारा दांडा) दोन तुकड्यांत असतो आणि व्हॅक्यूमवर सरकणारा फोर्क कॉलर (दातेरी कडं) ढकलून ते जोडतो. नळी तडकली की कॉलर सरकत नाही, मग डिफरन्शिअल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) सगळी ताकद त्या सुट्या तुकड्यावर फुकट घालवतो.

चाकांना उटी लावा, इंजिन चालू ठेवा, अ‍ॅक्सलजवळच्या दोन्ही नळ्या काढून तोंडावर बोट धरा. टू-हायला (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) एकीत, फोर-हायला दुसरीत हवेची ओढ लागली पाहिजे.

- ओढच नाही: बॅटरीखालचा भाग आधी बघा, तिथे नळी ठिसूळ होते.
- नळीत लाल तेल: ट्रान्स्फर केसवरचा (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीवरचा) व्हॅक्यूम स्विच गळतोय.
- ओढ आहे, फोर्क हलत नाही: अ‍ॅक्चुएटरचा (फोर्क सरकवणाऱ्या डबीचा) रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला किंवा फोर्कची क्लिप निसटली. कव्हर काढताना तेल सांडतं, खाली ट्रे ठेवा.

कायमचा उपाय म्हणजे फोर्क हाताने ओढायच्या केबलचं किट. व्हॅक्यूमची कटकटच संपते. फक्त केबल गाडी थांबवून ओढा. दाते जुळले नाहीत तर गाडी वीतभर पुढे-मागे करा, जोर लावू नका.