पाच वेळा तोंड धुऊनही पिंपल्स का येतात

तुम्ही लिहिलंय की दिवसातून पाच वेळा फेसवॉश लावूनही हनुवटीवर लाल, दुखरे पिंपल्स येतायत, मग अजून कुठली घाण राहिलीय? घाण नाहीये हो. मीपण कॉलेजात असताना हेच करायचे, स्क्रब घेऊन गाल खरवडायचे आणि संध्याकाळी तोंड टोमॅटोसारखं लालबुंद.

आधी असं समजायचे की छिद्र बुजतं, आत तेल साठतं, त्यात बॅक्टेरिया वाढतात आणि सूज सगळ्यात शेवटी येते. पण २००३ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी अ‍ॅक्ने (म्हणजे हाच पिंपल्सचा त्रास) असलेल्या लोकांची वरून एकदम नितळ दिसणारी त्वचा तपासली, तर तिथेही केसांच्या मुळांभोवती प्रतिकारशक्तीच्या पेशी आधीच गोळा झालेल्या सापडल्या, छिद्र बुजायला लागायच्याही आधी. म्हणजे आज दिसणारा पिंपल आतमध्ये बऱ्याच आधी सुरू झालेला असतो. म्हणून नुसत्या आलेल्या फोडावर ठिपका लावून भागत नाही, औषध त्या सगळ्या भागाला लावायचं असतं.

बॅक्टेरियाचं म्हणाल तर तो सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो, ज्यांना आयुष्यात एक पुटकुळी आली नाही त्यांच्याही. भांडण उकरून काढते ती आपलीच प्रतिकारशक्ती, ती त्याला ओळखून रसायनं सोडते, मग पांढऱ्या पेशी धावत येतात, आणि पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. आता हे बोटाने दाबलं तर छिद्राची भिंत आतल्या बाजूला फुटते, सगळा ऐवज खोल त्वचेत सांडतो आणि सूज दुप्पट, खड्डा पडतो तो असाच. आपल्या सावळ्या रंगाला तर सूज गेली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे सनस्क्रीन टाळू नका.

मला फरक पडला तो अ‍ॅडापलीन ०.१% जेलने, रात्री वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. ते छिद्रही मोकळं ठेवतं आणि सूजही उतरवतं. सुरुवातीला कातडी सोलवटते, तेव्हा एक दिवसाआड लावा, आणि दोन-तीन महिने तरी दम धरा (प्रेग्नन्सी असेल किंवा प्लॅन असेल तर अजिबात नको). सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड (बॅक्टेरिया मारणारं जेल), २.५% पुरे, जास्त टक्क्याने जळजळच वाढते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्या दिल्या तर त्या ठरवून दिलेल्या मुदतीपुरत्याच, स्वतःच्या मनाने परत चालू करू नका.

आणि सूज म्हणजे स्टेरॉइड लावू असं डोक्यात येऊ देऊ नका! मला एका मेडिकलवाल्याने कसलीशी मिक्स क्रीम दिली होती, तीन दिवसात चेहरा काचेसारखा, मला वाटलं सुटले. बंद केली आणि आठवड्यात दुप्पट फोड, वर त्वचा पातळ होऊन उन्हात चटके. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही छापलेलं असेल तर तशीच परत करा.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर हार्मोन्सच्या तपासण्या करून घ्या, नुसत्या क्रीमने तिथे काही होणार नाही. फेसवॉश दोन वेळा, सौम्य.

हां, आणि बेंझॉइलने कपड्यांचा रंग उडतो, उशीला पांढरा अभ्रा घाला. आईचा निळा सेट मी घालवलाय.