रॉकसाठी स्पीकर : टॉवर की स्टँडवरचे?

प्रश्न : १२ बाय १० फुटांच्या खोलीत मी मुख्यतः लेड झेपेलिन, ब्लॅक सबाथ, पर्ल जॅम ऐकतो. अ‍ॅम्प्लिफायर ८० वॉटचा. स्पीकर लांब भिंतीला आहेत, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. आता पाचेक लाखांची नवी जोडी घ्यायची आहे. डीलर म्हणतो, रॉकला बास हवा, दोन-दोन दहा इंची वूफरचे (बास काढणाऱ्या पडद्यांचे) टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घ्या, २५ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला २५ कंपनं इतक्या खालच्या सुरापर्यंत) जातात. घ्यावेत का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नका घेऊ. टॉवर त्या खोलीत आकाराने मावतील, आवाजाने मावणार नाहीत.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका त्याहून वर, साधारण ५० ते १०० मध्ये. सबाथने १९७१ मध्ये तारा सैल करून सूर उतरवले तेव्हा बास ३५ च्या आसपास गेला खरा, पण त्याच सुराचा वरचा हार्मोनिक (सोबत वाजणारा दुप्पट कंपनांचा सूर) ७० ला असतो आणि कान त्यावरून मूळ सूर ओळखतो. म्हणजे रॉकसाठी २५ हर्ट्झची गरज नाही. कॉलेजच्या बँडसाठी मी बरीच वर्षं मिक्सर सांभाळला. ड्रमची धमक कमी पडली की मी खालचा बास वाढवत नसे, काठीचा आघात मोकळा करत असे.

आता तुमची खोली. स्पीकरमागची भिंत ते सोफ्यामागची भिंत अंतर १० फूट. समोरासमोरच्या काँक्रीटच्या भिंतींमध्ये एवढ्या अंतरात ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, आणि बेस गिटारची मोकळी ए तार वाजते ५५ ला! म्हणजे तो एक सूर छातीवर बसणार, शेजारची ७३ हर्ट्झची डी तार गरीब वाटणार. भिंतीला टेकून बसल्यावर तर घुमणं सर्वांत जास्त ऐकू येतं. मोठा वूफर हे आणखी वाढवेल.

म्हणून आधी फुकटातलं काम करा. स्पीकर आखूड भिंतीकडे न्या, भिंतीपासून दोन फूट पुढे. सोफा मागच्या भिंतीपासून चारेक फूट ओढा. महिनाभर असं ऐका, मगच दुकानात जा.

घ्यायचे ते स्टँडवरचे थ्री-वे (खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांना वेगळा पडदा असलेले), ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारे आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत निघणारा आवाज, ८८-९० डीबी (डेसिबल) असलेले. या आकड्याकडे लोक बघतच नाहीत. ८४ डीबीच्या स्पीकरला जो आवाज काढायला ८० वॉट लागतात, तो ९० डीबीचा २० वॉटमध्ये काढतो. उरलेली ताकद ड्रमच्या अचानक फटक्याला मोकळी राहते. जेबीएलचा एल१०० क्लासिक नक्की ऐका. मूळ एल१०० हा त्यांच्या ४३१० या स्टुडिओ मॉनिटरचा (रेकॉर्डिंग तपासायच्या स्पीकरचा) १९७० मधला घरगुती भाऊ. गिटारचा कडकपणा मला त्यात फार आवडतो. बारा इंची वूफर आहे, म्हणून भिंतीपासून लांब ठेवणं आलंच.

डेमोला शोरूमची गुळगुळीत जॅझ नको. लेड झेपेलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावा. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्यात वरून माइक टांगून त्यांचा ड्रमर बॉनमचे ड्रम टिपले होते. ठोक्यामागे त्या जिन्याची उंची ऐकू यायला हवी. नुसती धडधड आली तर पुढची जोडी. पैसे देण्याआधी दोन दिवस घरी डेमो मागा, आणि डीलर नाही म्हणाला तर दुसरा डीलर बघा.